नेमणुकीचे पेढे

मेल आला तेव्हा मी तिसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला होते. लॅबमधले निम्मे पंखे बंद होते, मुलं एकमेकांच्या स्क्रीनमध्ये डोकावून एकमेकांच्या चुका इमानेइतबारे उतरवून घेत होती आणि मी टेबलावरच्या संगणकावर हजेरी भरत होते. कोपऱ्यात छोटी चौकट उघडली. पाठवणारं कार्यालय आमच्याच संस्थेचं होतं. विषय होता, कायम नियुक्तीबाबत.

हे दोन शब्द वाचून माझं काय झालं ते समजायला आमच्या कॉलेजची रीत माहीत हवी. इचलकरंजीच्या बाहेर माळावर आमचं इंजिनिअरिंग कॉलेज. तिथे नव्या शिक्षकाला अकरा महिन्यांची ऑर्डर मिळायची. अकरा महिने संपले की उन्हाळ्यात घरी बसायचं, मग पुन्हा मुलाखत द्यायची आणि पुन्हा त्याच खुर्चीत येऊन बसायचं. आमचे विभागप्रमुख बिरनाळे सर दर जूनमध्ये मुलाखतीच्या टेबलामागून तोंड गंभीर करून मला विचारत, "स्वतःबद्दल थोडं सांगा." त्या टेबलावरचं पाणीसुद्धा मीच भरून ठेवलेलं असे. पहिली दोन वर्षं मला याचं हसू यायचं, नंतर येईनासं झालं. माझ्या मागून आलेले दोघे कायम झाले, एकजण कंटाळून बंगळूरला गेला आणि आमच्या कॉम्प्युटर विभागात अकरा महिन्यांवर उरलेली मी एकटीच राहिले. असं नऊ वर्षं चाललं होतं. घरी तर 'कायम' हा शब्दच कुणी काढत नसे. जूनमध्ये मी मुलाखतीला निघाले की सासूबाई न बोलता हातावर दही ठेवायच्या आणि परत आले की न बोलताच चहा टाकायच्या.

मी मेल उघडला. एका दमात वाचला. खाली लिहिलं होतं की पुढील माहितीसाठी येथे जावे. मी गेले. त्या पानाने माझा पासवर्ड मागितला, मी दिला. पानाने पुन्हा मागितला. घाईत चुकला असेल म्हणून मी पुन्हा दिला. मग दोन ओळी उमटल्या. आपला आदेश तयार होत असून शनिवारी सायबर सप्ताहाच्या समारोपात अध्यक्षांच्या हस्ते देण्यात येईल. अभिनंदन.

आनंद पोटात मावेना म्हणतात तसं झालं. लॅबमध्ये चाळीस मुलं नसती तर मी खुर्चीतच फुगडी घातली असती. बाहेर व्हरांड्यात येऊन अभयला फोन लावला. माझा नवरा फार बोलणारा माणूस नाही, पंपांच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो आणि गिऱ्हाइकाशीही भागांच्या नावापलीकडे बोलत नाही. तो एवढंच म्हणाला, "थांब, आईला सांगतो." आणि फोन चालूच ठेवून दुकानाच्या मागच्या दाराने घरात पळाला. मला त्याच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. मग सासूबाईंचा आवाज आला. त्यांना फोनवर बोलायचा कायम संकोच वाटायचा, त्या लांबूनच म्हणाल्या, "तिला म्हणावं, आता जूनची भीती गेली बघ."

मधल्या सुट्टीत मी स्कूटर काढली, स्टँडजवळच्या दुकानातून पेढ्यांचे दोन मोठे बॉक्स आणले आणि वाटायला निघाले. आपल्याकडे चांगली बातमी पेढ्याशिवाय पक्की होत नाही. बिरनाळे सर विद्यापीठाच्या कामाला कोल्हापूरला गेले होते. ते असते तर पुढचं बरंच टळलं असतं. बाकी सगळ्या विभागाला पेढे दिले, ग्रंथालयात दिले, वर्कशॉपमध्ये दिले. ऑफिसात मगदूम हेडक्लार्क होते, त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"मॅडम, माझ्याकडं असला कागद काय आलेला नाही बघा अजून."

"वरून थेट आलंय," मी म्हणाले.

"आलं असंल. वरचं आम्हाला कोण सांगतंय?" असं म्हणून त्यांनी आणखी एक पेढा घरी नातीला म्हणून घेतला. तिथे माझ्या मनात पाल चुकचुकायला हरकत नव्हती. पण मी इतकी उडत होते की मला मगदूमांचीच कीव आली. बिचाऱ्यांना वरचं काही कळत नाही.

दुपारी शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला लॅबमध्ये परत आले ते उरलेला बॉक्स मुलांसाठी घेऊन. शेवटच्या रांगेत निहाल कोष्टी बसला होता. त्याच्याबद्दल आधी सांगायला हवं. निहालच्या वडिलांचे यंत्रमाग होते, घराच्या खालच्या मजल्यावरच. पोरगा मागांच्या खडखडाटात वाढलेला, त्यामुळे की काय, स्वतः अगदी कमी आणि हळू बोलायचा. पण संगणकापुढे बसला की त्याच्यात दोन माणसं होती. एकाला काहीतरी बांधायचं असायचं आणि दुसऱ्याला ते लगेच फोडून बघायचं असायचं. दुसऱ्या वर्षाला त्याने कामगारांच्या पाळ्या लावायचा प्रोग्रॅम लिहून वडिलांना दिला. वडील खूश झाले. आठवड्याने यानेच त्या प्रोग्रॅममध्ये बाहेरून शिरून रात्रपाळीला सगळीकडे वडिलांचं नाव घातलं आणि त्यांना दाखवलं. वडील म्हणाले, "स्वतःच्याच घराचं कुलूप तोडून दाखवतोयस, यात कौतुक कशाचं करू?" हे त्याने मला इतक्या गंभीरपणे सांगितलं की मी हसता हसता खुर्चीतून पडायची राहिले. मग मी त्याला समजावलं होतं की कुलूप करणाऱ्याला ते तोडता आलंच पाहिजे, नाहीतर ते कुलूप नव्हे, शोभेची वस्तू. त्या दिवसापासून तो माझाच विद्यार्थी झाला. सायबर सुरक्षा हा विषय कॉलेजात मीच आणलेला, मीच शिकवायची, आणि तास संपला की हा दाराशी उभा असायचाच. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपनीत जावं की सुरक्षेच्या कामात पडावं, हा त्याचा वर्षभर चाललेला घोळ. मी त्याला सांगायची, तू दोन्ही कर.

मी पेढा पुढे केला. त्याने घेतला, पण खाल्ला नाही.

"कशाचे, मॅडम?"

"कायम झाले मी," मी म्हणाले. माझ्या आवाजात इतकं कौतुक भरलेलं होतं की आठवलं तरी अंगावर काटा येतो. "आज सकाळीच मेल आला."

निहालचा चेहरा मी त्याआधी कधी तसा पाहिला नव्हता. पेढा तळहातावर धरून तो माझ्याकडे बघत राहिला. बाजूची मुलं टाळ्या वाजवायला लागली तरी त्याचा हात हलेना. मग "एक्स्क्यूज मी" असं काहीतरी पुटपुटून तो बाहेर गेला आणि प्रॅक्टिकल संपेपर्यंत आलाच नाही. मला वाटलं, पोराला भरून आलं.

मुलं गेल्यावर तो आला. दार लावून घेतलं आणि माझ्या टेबलापासून चांगलं चार हात लांब उभा राहिला.

"मॅडम, तो मेल मी पाठवलाय."

मला आधी अर्थच लागला नाही. मी विचारलं की तू कसा पाठवशील, तू काय संस्थेत लागलास की काय. मग त्याने खाली बघत सगळं सांगितलं. सायबर सप्ताहासाठी त्याने प्रकल्प केला होता. कॉलेजातल्या शिक्षकांना खोटे मेल पाठवायचे आणि कोण आपला पासवर्ड देऊन बसतं ते बघायचं. मोठ्या कंपन्यांमध्ये अशी रंगीत तालीम नेहमी होते, मीच वर्गात सांगितलं होतं. बिरनाळे सरांनी परवानगी दिली होती, फक्त अट घातली होती की शिक्षकांपैकी कुणालाही आधी कळता कामा नये. निहालने त्यासाठी चांगलं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. ते कॉलेजच्या वेबसाइटवरून प्रत्येकाची माहिती गोळा करायचं आणि ज्याला जे हवंसं वाटेल तसा मेल त्याच्यासाठी तयार करायचं. पासवर्ड ते साठवत नव्हतं, फक्त कोणी दिला एवढीच नोंद ठेवत होतं. आमिषाचे प्रकार त्याने स्वतः बसवले होते. अकरा महिन्यांच्या ऑर्डरीवर असलेल्यांसाठी कायम नियुक्ती. कॉलेजभर असे बरेचजण होते आणि बाकीच्यांचे मेल दुसऱ्या दिवशी जायचे होते, ते आता थांबवतो म्हणाला.

"मी शिकवलेलं की रे हे," मी म्हणाले. का म्हणाले कुणास ठाऊक.

"हो मॅडम. तुम्ही म्हणाला होता, माणूस ज्याची वाट बघत असतो त्याच्यावरच फसतो."

तो रडायच्या बेतात आला होता, म्हणून भराभर बोलायला लागला. "पण तुम्ही पकडणार हे मी धरूनच चाललेलो. तुमच्यासाठीच खूण ठेवली होती. तुम्ही मेलमध्ये आधीच आत असताना ते पान पुन्हा पासवर्ड मागतं. तुम्ही पहिल्याच तासाला सांगितलं होतं ना, आत असलेल्या माणसाकडं परत किल्ली मागितली की थांबायचं. मला वाटलं तुम्ही दोन मिनिटांत मला बोलावून घ्याल. सगळ्यात आधी पकडणाऱ्याला शनिवारी प्रमाणपत्र द्यायचं ठरलंय." तो थांबला. "त्याच्यावर तुमचं नाव टाकूनसुद्धा ठेवलंय मी."

माझ्या टेबलावर रिकामा बॉक्स पडला होता. मला तो उचलून कुठेतरी लपवावासा वाटत होता, आणि पोरासमोर उचलवतही नव्हता. जमिनीने पोटात घ्यावं म्हणजे नेमकं काय, ते मला त्या दुपारी कळलं. आख्ख्या कॉलेजने माझा पेढा खाल्ला होता. मगदूमांची नात संध्याकाळी खाणार होती.

निहाल म्हणाला की तो नोंदीतून माझं नाव काढून टाकतो, कुणाला कळणार नाही. मी त्याला म्हटलं, नोंदीला हात लावायचा नाही. तेवढी शिस्त माझ्यात कुठून उरली होती देव जाणे. पण त्यापुढे काय करायचं ते मलाही सुचलं नाही. त्याला म्हटलं, जा घरी.

त्यानंतरचे दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. जो भेटेल तो अभिनंदन करत होता. वर्कशॉपचे चव्हाण म्हणाले, "उशिरा का होईना, न्याय झाला." मी हसून मान हलवली. प्रत्येक वेळी वाटायचं की आता सांगावं, आणि प्रत्येक वेळी जिभेला कुलूप लागायचं. नुसतं 'नाही हो, चूक झाली' म्हणून भागलं नसतं. चूक कशी झाली ते सांगावं लागलं असतं, आणि हा विषय शिकवणारी बाई स्वतः फसली, तीही आपल्याच पोराच्या हातून, हे तोंडातून निघेना. घरी त्याहून वाईट. सासूबाईंनी बस्तीतल्या, म्हणजे आमच्या जैन मंदिरात येणाऱ्या, बायकांना सांगून टाकलं होतं. त्यांनी माझ्यासाठी एक साडी काढून ठेवली होती, शनिवारी नेसायला. अभयने दुकान बंद ठेवून कार्यक्रमाला यायचं म्हटल्यावर मी त्याच्यावर उगाचच खेकसले, की गिऱ्हाइकं सोडून कशाला येतोस. त्याला वाटलं, मला टेन्शन आलंय.

बिरनाळे सर शुक्रवारी परत आले. कुणीतरी त्यांना सांगितलं असावं, कारण त्यांनी मला बोलावून घेतलं आणि जरा बावचळून विचारलं, "आवटी मॅडम, तुम्हाला म्हणे पत्र आलं?" मी म्हणाले, "शनिवारी बोलू सर." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमगल्यासारखं झालं. त्यांनी डोळे खाली घातले. माझी कीव करणारा तो पहिला माणूस. मला रागसुद्धा आला नाही, फक्त तिथून बाहेर पडायचं होतं.

शनिवारी सभागृह भरलं होतं. मी सासूबाईंची साडी नेसले नव्हते, साधीच नेसले होते आणि कडेच्या खुर्चीत बसले होते. व्यासपीठावर संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब, बिरनाळे सर आणि पुण्याच्या एका सुरक्षा कंपनीतून आलेले जुवेकर. मुलांचे प्रकल्प बघून जुवेकर एकाला सहा महिने कामाला घेणार होते, हे सगळ्यांना माहीत होतं. निहालच्या दृष्टीने तर हा सगळा सप्ताह त्या एका जागेसाठीच होता. वडिलांनी त्याला सांगून ठेवलं होतं, काम मिळालं तर पुण्याला जा, नाहीतर परीक्षा झाली की मागावर बस.

निहालचं नाव पुकारलं गेलं. तो वर गेला, माइक हातात घेतला आणि पडदा कोराच ठेवून उभा राहिला.

"माझा प्रकल्प चालला नाही," तो म्हणाला. "प्रोग्रॅममध्ये चूक राहिली. मेल कुणाला गेलेच नाहीत. सॉरी."

सभागृहात कुजबुज झाली. जुवेकरांनी विचारलं की चूक कुठे होती. निहाल म्हणाला, माहीत नाही. ज्या पोराला स्वतःच्या प्रोग्रॅममधलं प्रत्येक वळण झोपेत सांगता आलं असतं, तो चाळीस मैलांवरून आलेल्या पाहुण्यासारखा म्हणाला, माहीत नाही. बिरनाळे सरांनी कपाळाला हात लावला. जुवेकरांनी पुढच्या कागदावर काहीतरी खोडलं आणि पुढचा गट बोलावला.

निहाल खाली उतरताना माझ्याकडे बघत नव्हता. मुद्दाम बघत नव्हता. मला कळलं की दोन दिवस त्याने हेच ठरवलेलं आहे. माझं नाव नोंदीतून काढायचं नाही म्हटल्यावर त्याने सगळी नोंदच गिळून टाकली होती. कुणी काही विचारलं नसतं. मी घरी जाऊन सांगितलं असतं की आदेश अडकला, संस्थेत असं चालतंच. सगळ्यांनी संस्थेला चार शिव्या घातल्या असत्या आणि माझी बाजू घेतली असती. मला फक्त खुर्चीत बसून राहायचं होतं.

मी उठले. धीराने वगैरे नाही. पदर खुर्चीच्या खिळ्यात अडकला, तो सोडवायला आणखी वेळ गेला आणि तोवर पुढच्या गटातली मुलं व्यासपीठावर चढली होती.

"सर, एक मिनिट. कोष्टीचा प्रोग्रॅम चालला आहे."

जुवेकरांनी माझ्याकडे पाहिलं. "आपण?"

"मी हाच विषय शिकवते. मला त्याचा मेल आला होता. मी पासवर्ड दिला." मी पदर सारखा केला. "दोनदा दिला."

मग कुठल्यातरी रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हणजे ते पेढे..." आणि ते रांगेरांगेतून मागे सरकत गेलेलं मला दिसलं. काहीजण हसले. बरेचजण हसले नाहीत, ते जास्त लागलं. वर्कशॉपचे चव्हाण मान वळवून खिडकीबाहेर बघायला लागले. अभय शेवटच्या रांगेत उभा होता. नको म्हटलं तरी आला होता. मी त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि पुन्हा पाहायचं धाडस झालं नाही.

"मॅडम, नका ना," निहाल पायऱ्यांवरूनच म्हणाला. त्याच्याकडे माइक नव्हता, तरी ऐकू आलं.

जुवेकर मात्र खुर्चीत सरसावून बसले. त्यांना माझ्या पेढ्यांचं काही माहीत नव्हतं, त्यांना कामात रस वाटायला लागला होता. त्यांनी निहालला परत वर बोलावलं आणि मेल पडद्यावर लावायला सांगितला. निहाल हलेना. मी त्याला म्हटलं, "लाव." मग त्याने लावला.

"आपणच वाचा," जुवेकर मला म्हणाले. "जिथं थांबायला हवं होतं तिथं थांबा, म्हणजे मुलांना कळेल."

कुणीतरी माझ्या हातात माइक दिला. मी वाचायला लागले. श्रीमती संयोगिता आवटी, आपणांस कळविण्यास आनंद होतो की संस्थेने आपली नियुक्ती कायम करण्याचे ठरविले आहे. गेली नऊ वर्षे आपण विभागात अध्यापन करीत आहात. या काळात आपल्या विषयांचा निकाल विभागात सातत्याने सर्वांत चांगला राहिला आहे. सायबर सुरक्षेचा विषय या कॉलेजात आपण सुरू केला. उन्हाळ्याच्या सुट्टीत, नियुक्ती नसतानाही, आपण विद्यार्थ्यांसाठी लॅब उघडी ठेवलीत. आपल्या हाताखाली शिकलेले अनेकजण आज चांगल्या ठिकाणी काम करीत आहेत आणि त्यांतील बहुतेकजण आपले नाव घेतात. संस्थेने याची दखल घेण्यास विलंब केला, याबद्दल दिलगिरी.

थांबायची जागा त्याच्यापुढे होती, जिथे येथे जावे असं लिहिलं होतं. मी तिथे थांबले नाही. खाली सादर अभिनंदन होतं, तेही वाचलं. सहीची जागासुद्धा वाचली. मग माइक खाली घेतला.

जुवेकर निहालकडे वळले. "हे सगळं कुठून आणलंस? वेबसाइटवर एवढं असतं?"

"थोडं वेबसाइटवर होतं. बाकीचं मी घातलं." निहालने घसा खाकरला. "आमिष खरं वाटायला हवं म्हणून सगळं खरंच लिहिलंय सर. खोटी फक्त पहिली ओळ आहे."

दादासाहेबांनी समोरची पाण्याची बाटली उघडली, घोट घेतला आणि परत बंद केली. बिरनाळे सर टेबलाकडे बघत होते.

निहालला ते काम मिळालं. आज तो पुण्यात आहे, दोन्ही करतो, बांधतो आणि फोडतो. मला जूनमध्ये पुन्हा अकरा महिन्यांची ऑर्डर आली आणि त्याच्या पुढच्या जूनमध्ये मी ते कॉलेज सोडलं. सासूबाईंनी बस्तीतल्या बायकांना काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही. या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली आणि लोक हा किस्सा माझ्या धाडसाचा म्हणून सांगतात. मी सांगू देते.

पण त्या क्षणाचं खरं सांगायचं तर, कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मी खाली बसले तेव्हा माझे कान तापलेले होते आणि मान वर होत नव्हती. फसले याची लाज तोवर मागे पडली होती. निहाल पुढे आला, पडदा बंद करायला त्याने हात लांब केला, आणि सगळ्या कॉलेजसमोर हसं झालेलं असताना, पोराचा प्रामाणिकपणा, नवऱ्याचा उतरलेला चेहरा, सगळं समोर असताना, माझ्या मनात एकच गोष्ट होती. ते पत्र त्याने अजून थोडा वेळ तिथेच राहू द्यावं.